पोट सैल सोडा

रोह्यात बायकांचा योगाचा वर्ग मी सतरा वर्षं घेते आहे. सकाळी सहा ते सात, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, वीसेक बायका असतात. शेवटची दहा मिनिटं शवासनाची. त्या दहा मिनिटांत काय बोलायचं ते मला इतकं पाठ झालं होतं की तोंडाने ते चालू असताना मनात मी डब्याला कोणती भाजी करायची ते ठरवत असे. पायाचे अंगठे सैल सोडा. घोटे सैल सोडा. पोटऱ्या, गुडघे, मांड्या. पोट सैल सोडा. छाती, खांदे, हातांची बोटं. कपाळावरच्या आठ्या जाऊ द्या. आता तुम्ही पूर्ण निश्चिंत आहात. एवढं म्हणून मी गप्प बसायची आणि जरा वेळाने दोघीतिघी तरी घोरायला लागायच्या. ते घोरणं ऐकलं की आपलं काम झालं असं मला वाटायचं.

मागच्या वर्षी माझी गर्भपिशवी काढायची वेळ आली. गाठी झाल्या होत्या, रक्त जाऊन जाऊन जिना चढताना धाप लागत होती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पेणच्या एका हॉस्पिटलात जायला सांगितलं. ऑपरेशनची मला भीती वाटत नव्हती, हे मी खरं सांगते. वर्गातल्या बायका निरोप द्यायला आल्या तेव्हा एक जण म्हणाली की मॅडमना काय, त्या टेबलावरसुद्धा श्वास मोजत पडतील. सगळ्या हसल्या, मीही हसले. मलाही तसंच वाटत होतं. बॅग भरताना मी त्यात माझी चटईसुद्धा ठेवली. नवरा धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर आहे, त्याला कुठलीही गोष्ट कारणाशिवाय पटत नाही. त्याने ती चटई बाहेर काढून ठेवली आणि हॉस्पिटलात खाट असते एवढंच म्हणाला.

कंबरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं होतं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. मला वॉर्डात आणून झोपवलं, नवरा सलाईनच्या बाटलीकडे बघत उभा राहिला. मी डोळे मिटले आणि सवयीने मनात सुरू केलं, पायाचे अंगठे सैल सोडा. अंगठे नव्हतेच. मी डोळे उघडून बघितलं. चादरीखाली पाय होते, त्यांचा उंचवटा दिसत होता, पण मी सांगत होते आणि तिकडे कोणी ऐकत नव्हतं. इंजेक्शनमुळे असं होणार हे मला आधी समजावून सांगितलेलं होतं. तरी मी नवऱ्याला चादर उचलून अंगठे दाखवायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत पायांना मुंग्या आल्या, मग अंगठे हलले, मग दुखायलाही लागलं. दुखायला लागल्यावर मला बरं वाटलं, इतका तो मधला वेळ विचित्र होता.

दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली, सिस्टरने धरून मला बाथरूमपर्यंत चालवत नेलं. परत येऊन पडले आणि दुपारी, जेवणाची ताटं उचलून नेत असताना, मला एकदम असं वाटलं की आत काहीतरी चुकलं आहे. काय ते सांगता येईना. हाताला घाम सुटला, हृदय गळ्याशी येऊन धडधडायला लागलं, श्वास अर्ध्यावर अडायला लागला. मी घंटी दाबली.

ड्युटीवर एक तरुण सिस्टर होती. ती कासू गावाहून रोज गाडीने पेणला यायची. तिने नाडी बघितली, बीपी बघितलं, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी पोट तपासलं, ड्रेसिंग बघितलं, ईसीजी काढला. सगळं ठीक होतं. ते म्हणाले की घाबरल्यामुळे असं होतं, बऱ्याच पेशंटना होतं, दीर्घ श्वास घ्या. सिस्टरने कौतुकाने सांगितलं की मॅडम स्वतःच योगा शिकवतात. डॉक्टर हसले. "मग तर प्रश्नच नाही," असं म्हणून ते पुढच्या खाटेकडे गेले.

मी भिंतीकडे तोंड केलं. मला लाज वाटत होती आणि नेमकी कशाची तेही कळत नव्हतं.

दीर्घ श्वास घ्यायला गेले की पोट फुगायचं, टाके ओढायचे आणि मी श्वास तिथेच धरायची. श्वास धरला की धडधड वाढायची. सतरा वर्षं मी शिकवत आले होते की श्वास आत घेताना पोट बाहेर आलं पाहिजे. आता पोटाला बाहेर येऊ द्यायची माझी हिंमत होत नव्हती. छातीने श्वास घ्यावा तर ते चुकीचं, असं माझंच मला आठवायचं. मग मी मध्येच कुठेतरी श्वास घ्यायची, ना छातीत ना पोटात. सिस्टरने फुप्फुसांच्या व्यायामाचं, तीन रंगीत गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र आणून दिलं, नळीतून हवा आत ओढायची आणि गोळ्या वर न्यायच्या. माझी एकच गोळी जेमतेम उचलली जाई, तीही थरथरत. मग तिने एक उशी माझ्या पोटावर ठेवली, दोन्ही हातांनी ती हलकेच दाबून धरायला लावली आणि म्हणाली की आता श्वास घ्या, खोकायचं असलं तरी असंच धरून खोका. उशी धरल्यावर श्वास खरंच जरा खाली उतरला. हे मला माहीत नव्हतं. माझ्या कुठल्याच पुस्तकात उशी नव्हती.

तिने आणखी एक गोष्ट दाखवली. मूठ घट्ट आवळायची, पाच मोजायचे आणि सोडायची. मग खांदे कानांपर्यंत उचलायचे, पाच मोजायचे, सोडायचे. हे मला अगदी उलटं वाटलं. मी तर नेहमी थेट सैल सोडा म्हणायची, आधी आवळा असं कधी म्हटलं नव्हतं. मूठ आवळली की तेवढ्यापुरतं कळायचं की हा हात आहे आणि तो माझा आहे. सोडल्यावर काय व्हायचं ते मात्र रोज वेगळं. कधी बरं वाटायचं. कधी वाटायचं की आता हातातलं काहीतरी सुटून पडलं.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या. खाडीकडच्या गावातल्या, जन्म मिठागरात काम करण्यात गेलेला, वय साठच्या पुढे. पित्ताशयातले खडे काढायला त्यांचं पोट उघडावं लागलं होतं. त्यांची सून दुपारी डबा घेऊन यायची आणि लगेच परत जायची. एरवी त्या खाटेचा लोखंडी कठडा धरून बसून राहायच्या. झोपायच्या नाहीत. डोळे लाल झाले तरी पाठ टेकायच्या नाहीत. सिस्टरने खोदून विचारलं तेव्हा कारण समजलं. ऑपरेशनला त्यांना पूर्ण भूल दिली होती. "तवा निजवली त काय बी कलला नाय," त्या म्हणाल्या, "आता निजली न उठलीच नाय त?"

सिस्टर माझ्याकडे वळली. म्हणाली, मॅडम, तुम्ही यांना जरा शिकवता का, तुमचं ते शवासन. मला नाही म्हणता आलं नाही. मला स्वतःला जे जमत नाही ते मी काय शिकवणार, असं सांगायला हवं होतं, पण तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल एवढी खात्री होती की मी मान हलवली. दुपारचे तीन वाजले असतील. मी माझ्या खाटेवर उशी पोटाशी धरून एका कुशीवर झाले आणि त्यांच्याकडे बघत सुरू केलं. पायाचे अंगठे सैल सोडा. घोटे सैल सोडा. माझा आवाज नेहमीसारखाच निघत होता, त्याचं मला नवल वाटलं. आत धडधड चालू होती आणि बाहेर तो सतरा वर्षांचा आवाज संथ चालला होता. त्या आधी बसूनच ऐकत होत्या. गुडघ्यांपर्यंत आले तेव्हा त्यांनी कठडा सोडला आणि पाठ टेकली. पोट सैल सोडा म्हणताना मी अडखळले, कसंबसं म्हटलं. खांद्यांपर्यंत पोचायच्या आत त्यांचं तोंड उघडं पडलं होतं आणि त्या घोरत होत्या.

सिस्टरने दारातून बघून मला हाताने खूण केली, छान म्हणून. मी तशीच पडून राहिले. जे शब्द माझ्यावर चालत नाहीत ते त्यांच्यावर कसे चालले? त्यांचं ऑपरेशन माझ्यापेक्षा मोठं, वय जास्त, आणि शवासन हा शब्दही त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला होता. मला त्यांचा थोडा हेवासुद्धा वाटला, हे आता लिहायला हरकत नाही.

त्या उठल्यावर मी विचारलं की मावशी, तुम्ही नेमकं काय केलंत, सगळं सैल सोडलंत का.

"मना काय समाजला नाय गो," त्या म्हणाल्या. "अंगठं बोललीस तवर आयकला. फुडं कवा निजली ता मनाच ठाव नाय. पन तू बोलत व्हतीस ना. कोन तरी जागा हाय, आपल्याव ध्यान ठेवतंय, असा वाटला. मंग मी कशाला जागू?"

म्हणजे सतरा वर्षं मी ज्याला तंत्र समजत होते, ते नुसतं कोणीतरी जागं असणं होतं? तसं असेल तर अंगठे, घोटे, पोटऱ्या हा क्रम कशाला? आणि तसं नसेल तर त्या झोपल्या कशाने? हॉस्पिटलातल्या उरलेल्या दोन दिवसांत मी त्यांना आणखी तीनदा झोपवलं. माझी धडधड मात्र रोज दुपारी आपल्या वेळेला यायचीच.

घरी आल्यावर आठ दिवस नवऱ्याची रजा होती. हॉस्पिटलात निदान घंटी होती, घरी तीही नव्हती, म्हणून मी सारखी त्याला हाका मारायची. पाणी हवं म्हणून, पंखा कमी कर म्हणून. खरं म्हणजे तो जवळ असावा म्हणून. त्याच्या ते लक्षात आलं असावं. रजेच्या पाचव्या दिवशी दुपारी मी त्याला माझी वही दिली. तीत शवासनाचं सगळं लिहिलेलं आहे. मिठागरातल्या मावशींचं बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. कोणी दुसऱ्याने बोलून बघावं असं मी ठरवलं होतं. मी त्याला म्हटलं की हे सावकाश वाच, मी डोळे मिटून पडते.

त्याने चष्मा लावला, खुर्ची खाटेजवळ ओढली. त्याचं सगळं आयुष्य पंप आणि व्हॉल्व्ह तपासण्यात गेलेलं. त्याने तसंच वाचायला घेतलं.

"पायाचे अंगठे सैल सोडा," तो म्हणाला आणि थांबला. मग विचारलं, "झाले?"

मी डोळे न उघडता सांगितलं की झाले का असं विचारायचं नसतं, पुढे वाचायचं असतं.

"मग झाले की नाय ते कळणार कसं?"

मी डोळे उघडले. तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या कामात एक गोष्ट झाल्याची खात्री केल्याशिवाय दुसरीला हात लावत नाहीत. सतरा वर्षांत मी एकाही बाईला विचारलं नव्हतं की झाले का. मी म्हटलं, बरं, विचार.

मग तो एकेक विचारत गेला. अंगठे झाले? घोटे? पोटऱ्या? मी हो म्हणत गेले. डावा गुडघा झाला नव्हता, तिथे तो थांबला, मी जरा पाय हलवला, मग झाला म्हटलं. मांड्या झाल्या. "पोट सैल सोडा," त्याने वाचलं. "झालं?"

"नाही," मी म्हटलं.

ते मी पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होते. हॉस्पिटलात सगळ्यांनी कसं वाटतंय, दुखतंय का, हे विचारलं होतं. मी बरं आहे म्हणत आले होते. आता माझ्या डोळ्यांच्या कडांमधून पाणी कानांत उतरायला लागलं. मला वाटलं हा आता घाबरेल, नाहीतर पुढे वाचून टाकेल. त्याने वही मांडीवर उपडी ठेवली.

"मग इथेच थांबू," तो म्हणाला.

आणि तो थांबला. खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत राहिला. मी पोटावर हात ठेवून पडून राहिले. किती वेळ गेला माहीत नाही. पोट काही सैल झालं नाही, पण धडधडही आली नाही. त्या दिवशी पुढे खांद्यांपर्यंत आम्ही गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा करून बघितलं तर धडधड आली. म्हणजे हा उपाय म्हणायचा की नाही ते मला ठरवता येईना. त्याने मात्र निष्कर्ष काढला की एका दिवसाच्या रीडिंगवरून काही सांगता येत नाही.

त्याची रजा संपली. तो पहिल्या शिफ्टला जायला लागला आणि दुपारी तीनपर्यंत मी एकटी. प्लान्टमध्ये फोन चालत नाही, त्यामुळे फोन करायचाही प्रश्न नव्हता. वर्गातल्या बायका आळीपाळीने येऊन जायच्या. कोणी पेज आणायची, कोणी मुगाचं सार. मी जरा जरी काही बोलले तरी त्या माझीच वाक्यं मला ऐकवायच्या. मॅडम, तुम्हीच सांगता ना, मन श्वासावर ठेवा. मॅडम, तुम्हीच म्हणता ना, शरीर मनाचं ऐकतं. एकीने तर कधीतरी वर्गात गुपचूप माझं शवासन मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं, ते मला पाठवलं, ऐकत पडा म्हणून. मी ऐकलं. आता तुम्ही पूर्ण निश्चिंत आहात, असं तो आवाज म्हणाला तेव्हा मला त्या आवाजातल्या बाईचा इतका राग आला की मी फोन उशीखाली ढकलला. कोण सांगतंय हिला? विचारलं का हिने मला?

त्याच आठवड्यात एक जण आली, जी आता वर्गात नव्हती. कोलाडजवळच्या गावची, लग्न होऊन रोह्यात आलेली, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातली. चार वर्षांपूर्वी तिचं अपेंडिक्स फुटलं होतं, पोट उघडावं लागलं होतं. नंतर हलका व्यायाम करा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, तशी ती माझ्याकडे आली होती. आठ-दहा दिवस आली आणि बंद झाली. तिला चिकाटी नाही असं माझं मत झालं होतं. माझ्या ऑपरेशनचं ऐकून ती भेटायला आली होती. पाणी घेतलं, चहा नको म्हणाली. मग विचारलं, झोप लागते का. मी सवयीने हो म्हणणार होते. पण नवऱ्याला एकदा खरं सांगितलेलं असल्यामुळे असेल, मी नाही म्हटलं, आणि पोटाचं सगळं तिला सांगितलं.

ती ऐकून घेत होती. मग खाली बघत म्हणाली, "मॅडम, राग नका मानू. मी क्लास का सोडला सांगू?"

मी सांग म्हटलं.

"तुम्ही पोट सैल सोडा म्हणायच्या ना, तेव्हा मला वाटायचं टाके उसवून सगळं भायेर येईल. टाके भरले व्हते, डॉक्टर बोलले व्हते, तरी वाटायचं. एक दिवस मी उठून बसले. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, डोळे उघडायचे नाहीत, मन आवरा. मग मी आलेच नाय."

मला ते आठवलं. खरं तर नीट आठवलं नाही. एक बाई शवासनात उठून बसली होती आणि बाकीच्यांचं लक्ष जायला नको म्हणून मी काहीतरी म्हटलं होतं, एवढंच. ती हीच होती, आणि तिच्या पोटावर तेव्हा माझ्यासारखेच टाक्यांचे ताजे वण होते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझं चुकलं असं मी म्हटलं. तिने हात हलवला, जाऊ द्या म्हणून. मी विचारलं की मग तुझी भीती गेली कशी. ती म्हणाली की माहीत नाही, पण डोळे मिटले की वाढायची, म्हणून उघडे ठेवून पडायची. छपराची कौलं बघत.

ती गेल्यावर माझा नुसता गोंधळ झाला. मी जे शिकले होते त्यात डोळे मिटणं ही पहिली पायरी होती. सिस्टरने आधी आवळायला सांगितलं होतं. मावशींना काहीच करावं लागलं नव्हतं. नवरा झालं का म्हणून विचारत होता. आणि ही डोळे उघडे ठेवा म्हणत होती. आता एक श्वास घ्यायचा तरी मला चार माणसं आठवायची आणि कोणाचं ऐकायचं ते कळायचं नाही. कधी उशी धरून मूठ आवळायची, कधी पंख्याकडे बघत पडायची, कधी अंगठ्यांपासून सुरू करून स्वतःलाच विचारायची, झाले? एखाद्या दिवशी यातल्या एकाने बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी त्याच्यानेच वाढायचं.

सहा आठवड्यांनी दाखवायला पेणला गेलो. डॉक्टरांनी टाके बघितले, आतलंही भरून आलं आहे म्हणाले. मी त्यांना दुपारच्या धडधडीबद्दल सांगितलं, यावेळी पूर्ण सांगितलं. त्यांनीही यावेळी नीट ऐकून घेतलं. म्हणाले की ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना असं होतं आणि बहुतेकांचं हळूहळू जातं, रोज चाला, आणि गेलं नाहीच तर त्याचे वेगळे डॉक्टर असतात, त्यांच्याकडे जायला लाजू नका. मग त्यांनी विचारलं की आता कितपत आहे. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मागचे चार-पाच दिवस ती आलीच नव्हती. कधी थांबली ते मला सांगता येईना. त्यांनी विचारलं की काय केलंत. तेही मला सांगता आलं नाही.

बाहेर कासूची सिस्टर भेटली. मी तिला नवऱ्याचं विचारत विचारत जाणं सांगितलं. तिला ते आवडलं, पण म्हणाली की मॅडम, एका वेळी एवढे पेशंट असतात, इतका वेळ कुठून आणायचा. मी मावशींची चौकशी केली. त्या टाके काढून गेल्या होत्या. ती बोलणारी बाय कुठं हाय, असं विचारत होत्या म्हणे.

तीन महिन्यांनी मी वर्ग पुन्हा सुरू केला. शवासन आता कसं घ्यायचं ते माझं अजून नक्की झालेलं नाही. ज्यांना डोळे उघडे ठेवायचे त्यांनी ठेवावेत असं मी सांगितलं, तर पहिल्या दिवशी सगळ्या डोळे उघडे ठेवून माझ्याकडेच बघत होत्या. कोणाचं ऑपरेशन झालं आहे का हे विचारलं तर सात हात वर झाले. सात. त्यातल्या पाच जणी वर्षानुवर्षं येत होत्या. पोट सैल सोडा हे वाक्य मी गाळलं, तेव्हा दोघींनी तक्रार केली की त्यांना तेच सगळ्यात जास्त आवडायचं. मग ते परत घातलं, पण त्याच्यापुढे, जमलं तर, असं जोडलं. मधूनच मी थांबते आणि विचारते की कोणाचं राहिलं आहे का. बहुतेक वेळा कोणी काही बोलत नाही. मला मात्र आता डब्याची भाजी ठरवता येत नाही. नव्या आलेल्या एकीने मला विचारलं की मॅडम, असं केल्यावर नक्की बरं वाटतं ना. पूर्वी मी हो म्हटलं असतं. आता म्हटलं की बघू या.

त्यानंतर एका शनिवारी मी कोलाडजवळच्या गावच्या त्या बाईकडे गेले. तिने परत यावं असं मला मनापासून वाटत होतं. ती पडवीत बसून बिरडं सोलत होती. भिजवून मोड आणलेले वाल परातीत होते, सोललेल्या डाळिंब्या पातेल्यात. मी तिला वर्गात काय काय बदललं ते सांगितलं. तिने सगळं ऐकलं, हातांचं काम चालूच होतं. मी शेवटी विचारलं, येशील का.

"नको, मॅडम," ती म्हणाली. "तुमचा राग नाय. पण तो हॉल बघितला की मला अजून कसं तरी होतं."

मला वाईट वाटलं. ते तिने बघितलं असावं. तिने परात माझ्याकडे सरकवली. मी एक दाणा उचलून दाबला, तो डाळिंबीसकट तुटला. तिने मला टोकाशी कसं धरायचं ते दाखवलं, म्हणजे साल आपोआप सुटते. ऑपरेशननंतर ती दुपारी हेच करत बसायची, असं ती सहज बोलून गेली. घरात लागत नसलं तरी शेजारच्यांचं आणून सोलायची. मी विचारलं की त्याने भीती कमी व्हायची का. ती थोडा विचार करून म्हणाली, "कमी व्हायची का ते ठाव नाय. बिरडं व्हायचं."

आम्ही पातेलं भरेपर्यंत बसलो. माझ्याकडून बऱ्याच डाळिंब्या मोडल्या. निघताना तिने एका डब्यात त्यातल्याच थोड्या मला घातल्या आणि म्हणाली, क्लासला नाही, पण तुम्ही इकडं येत जा. मी अजून अधूनमधून जाते. वर्गाचा विषय आम्ही काढत नाही.